उजेडाचा चौकोन

माझी भाची ज्या अभ्यासक्रमाला गेली त्याचं नाव एका दमात घेता येत नाही. कलेचा इतिहास आणि संग्रहालयाचं काम अशी दोन्हींची मिळून एकच पदव्युत्तर पदवी, मुदत दोन वर्षं. सकाळी वरच्या मजल्यावर बसून चित्रांचे अर्थ लावायचे आणि दुपारी तळघरात उतरून त्याच चित्रांची धूळ झटकायची. ताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, मुलीचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि धूळच झटकायची तर दोन वर्षं कशाला लागतात, एवढंच विचारलं. ताईची लाँड्री आहे. धुलाई, ड्रायक्लीनिंग, इस्त्री आणि न मागता सल्ला अशा चार गोष्टी तिथे मिळतात. मेहुणे गेल्यापासून ती एकटीच दुकान सांभाळते. त्या दुकानातली धूळ मुलगी शाळेत असल्यापासून झटकत आली होती, तीही विनापदवी.

मुलीला घरात बारकी म्हणतात. ती पाळण्यात असताना हे नाव पडलं. आता तिला माझ्या स्वयंपाकघराच्या दारातून मान वाकवून यावं लागतं, पण घरचं नाव काही उंचीबरोबर वाढत नाही. संग्रहालय माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, म्हणून ती दोन वर्षं माझ्याकडे राहिली. मी निवृत्त, म्हणजे कुणाहीबरोबर कुठेही पाठवता येण्याजोगा. तिच्या ओळखीवर मलाही आत-बाहेर करण्याचा पास मिळाला.

बारकी या वाटेला लागली ती एका लेखामुळे. शाळेच्या ग्रंथालयात दुसरंच काहीतरी शोधताना तिला तो सापडला, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. लेख आमच्याच संग्रहालयातल्या एका चित्रावर होता. चित्राचं नाव ‘घडी घालणारी स्त्री’, चित्रकार कोण ते कुणालाच माहीत नाही. काळपट तपकिरी खोली, त्यात एक बाई मोठी चादर हातात धरून उभी, चादरीचं दुसरं टोक अंधारात गेलेलं. सगळं चित्र कढईच्या बुडासारखं काळं. फक्त बाईच्या मागच्या भिंतीवर, चार बोटं रुंद आणि चार बोटं उंच, एक लख्ख उजळ चौकोन. आसपास खिडकी नाही, दिवा नाही. लेखकानं लिहिलं होतं की हा उजेड बाहेरून आलेलाच नाही. एकट्या बाईच्या आयुष्यात जेवढा उजेड मावतो तेवढाच चित्रकारानं मोजून दिला आहे. बारकीनं तो लेख वहीत उतरवून काढला. तिची आई तेव्हा रात्री दहापर्यंत दुकानात एकटी असायची. त्यामुळे पोरीला तो लेख कलेचा वाटला की घरचा, हे मी तिला कधी विचारलं नाही.

लेख लिहिणारे गृहस्थ म्हणजे तिचे सर. फार भला माणूस. पाऊण तास पाण्याचा घोट न घेता, डोळे मिटून शिकवायचे आणि डोळे उघडले की मुलं अजून बसलेली पाहून त्यांना दरवेळी थोडं आश्चर्य वाटायचं. त्या एका लेखानं त्यांचं नाव झालं होतं. लोक लांबून येऊन त्या चौकोनासमोर उभे राहायचे. संग्रहालयाच्या दारातल्या दुकानात पिशव्या मिळायच्या, त्यांवर चित्र नसायचं, नुसता चौकोन. बारकीच्या दुसऱ्या वर्षाअखेरीस सर निवृत्त होणार होते आणि निरोपाचा समारंभ त्या चित्रासमोरच व्हायचा होता. मुलांच्या वह्या ते लाल शाईनं तपासत. कुणी ‘काही लोकांचे मत असे आहे’ असं लिहिलं, की ‘काही’वर गोल पडायचा आणि समासात शेरा यायचा : काही म्हणजे कोण? नेमकं लिहावं.

सर वरच्या मजल्याचे, तसे कापूसकाका तळघराचे. चित्रं जतन करणं हे त्यांचं काम. काडीला कापूस गुंडाळायचा आणि नखाएवढी जागा पुसायची, मग दुसरा कापूस घ्यायचा. असं ते एकतीस वर्षं करत होते. त्यांची निवृत्तीची तारीख उलटून गेली होती, पण कुठली किल्ली कुठल्या कपाटाची हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नसल्यामुळे तो विषय कुणी काढत नव्हतं. वरचे खाली उतरत नसत, खालचे वर जात नसत. हा अभ्यासक्रम नवीनच सुरू झाला होता. त्यामुळे त्या इमारतीत दोन्ही जिने रोज चढणारी-उतरणारी माणसं इतिहासात पहिल्यांदाच तयार झाली होती. ती तीन होती, आणि त्यातली एक बारकी.

दोन वर्षांच्या शेवटी परीक्षा अशी, की प्रत्येकानं एक चित्र निवडायचं, त्याचा वरचा आणि खालचा अभ्यास करायचा आणि शेवटी चित्राशेजारी लावायचं लेबल लिहायचं. शब्द साठ. साठ म्हणजे साठ, त्यात ‘आणि’सुद्धा मोजायचा. सरांचं म्हणणं, माणूस साठ शब्द वाचायला जेवढा वेळ उभा राहतो तेवढा तो चित्रासमोरही राहत नाही, तेव्हा जे सांगायचं ते तिथेच सांगावं. लेबलावर सरांची आणि कापूसकाकांची अशा दोघांच्या सह्या लागायच्या. एक सही कमी पडली तर पदवी नाही. बारकीनं चित्र कुठलं निवडलं ते सांगायला नको. सरांनी आनंदानं मान हलवली आणि म्हणाले, सोपं आहे तुला, माझा लेख आटवायचा.

लेबल शुक्रवारी द्यायचं होतं. त्याच्या आधीच्या रविवारी ताई आली.

दोन वर्षांत ती संग्रहालयात पहिल्यांदाच येत होती, कारण रविवार सोडून दुकान बंद नसतं आणि रविवारी तिचे गुडघे बंद असतात. बारकीनं तिला थेट त्या चित्रासमोर नेलं आणि दहा मिनिटं समजावून सांगितलं. मी बाकावर बसलो. मुलगी हात हलवून बोलत होती, तिच्या आवाजात सोळा वर्षांची पोरगी परत आली होती. ताईनं सगळं ऐकलं. मग पर्समधून चष्मा काढला, नाक चित्राजवळ नेलं आणि म्हणाली, “हे कुणी पुसून बघितलंय?”

बारकीला आधी कळलंच नाही.

ताईनं तिला शांतपणे सांगितलं, की भारीतला कपडा आला की आम्ही काय करतो, तुला ठाऊक आहे. आधी आतल्या शिवणीत एवढीशी जागा पुसून बघतो, रंग जातो की मळ जातो ते. इथे तसंच केलंय, फक्त शिवणीत करायचं सोडून भर छातीवर केलंय. बारकी म्हणाली, आई, यावर पुस्तकं आहेत. ताई म्हणाली, असतील. “कडा बघ. उजेडाला अशा कडा नसतात, पुसणाऱ्या हाताला असतात.”

एवढ्यावर ती थांबती तर ताई कसली. चित्रातल्या चादरीकडे बोट करून ती पुढे म्हणाली, की ही बाई एकटी नाही. एकटीनं एवढी चादर घडी करायची तर मधली घडी हनुवटीखाली धरावी लागते, मी रोज धरते. ही चादर ताणलेली आहे. दुसरं टोक कुणीतरी धरलंय. इथे पहारेकऱ्यानं तिला बोट मागे घ्यायला सांगितलं, आणि ताईनं तो कुठल्या लाँड्रीत गणवेश देतो ते विचारलं, कारण त्याच्या कॉलरला पिवळेपणा होता.

परतताना बारकी माझ्या डाव्या बाजूनं चालली, ताई उजव्या. दोघींच्या मधून चालणं हा आमच्या घरात माझा जुना हुद्दा आहे.

ताई संध्याकाळच्या गाडीनं गेली. बारकी पुढचे दोन दिवस उशिरापर्यंत तळघरात थांबली. बुधवारी ती घरी आली, पायातले बूट न काढता खुर्चीत बसली आणि मला म्हणाली की तळघरात एक वही आहे. कुठल्या चित्राला कुणी कधी हात लावला, काय लावलं, ते सगळं त्या वहीत लिहितात. तिनं अठ्ठावीस वर्षं मागे जाऊन पानं उलटली होती. नोंद तिनं पाठच करून आणली होती :

‘घडी घालणारी स्त्री. डावी भिंत, मध्यभागी. चार बोटं गुणिले चार बोटं. कापूस, लाळ. मळ निघतो. खालचा रंग पक्का. पुढील आदेशाची वाट पाहत आहे.’

खाली कापूसकाकांची सही. सरांचा लेख त्याच्या पुढच्या वर्षीचा.

लाळ म्हणजे आपली थुंकी, हे मला त्या दिवशी कळलं. वरचा मळ काढायला तिच्याइतकं गरीब आणि गुणी औषध नाही म्हणतात. बारकीनं कापूसकाकांना विचारलंही होतं. त्यांनी लगेच सांगितलं. चित्र आधी पन्नास वर्षं एका खाणावळीत चुलीच्या वर टांगलेलं होतं, तो सगळा धूर त्यावर बसलेला. नमुना कोपऱ्यातच पुसायचा असतो, पण तेव्हाचे संचालक चष्मा विसरून आले होते आणि मला दिसेल अशा ठिकाणी करा म्हणाले. त्यांनी तो पाहिला, छान म्हणाले, आणि आदेश देण्याआधीच त्यांची बदली झाली. नव्या संचालकांना वाटलं चित्र असंच आहे. मग लेख आला, मग लोक आले, आणि चित्राला हात लावायचा नाही असा नियम झाला. कापूसकाका अजून पुढील आदेशाची वाटच पाहत होते.

मी बारकीला जो सल्ला दिला तो माझ्या वयाला शोभेसाच होता. साठ शब्दांत सगळं थोडंच मावतं, म्हटलं, नेमका चौकोनच वगळ. ती म्हणाली, मामा, लोक चौकोनच बघायला येतात, लेबलात तो नसला तर पहारेकऱ्याला विचारतील. मग मी म्हटलं, सर तीन आठवड्यांत निवृत्त होताहेत, पदवी घे आणि नंतर लिही. तिनं आईला फोन लावला. ताईचं उत्तर मला पलीकडून ऐकू आलं, कारण इस्त्रीच्या वाफेवर मात करत बोलायची तिला सवय आहे.

“कपड्याचं काही सांगायचं असेल तर हातात देताना सांगावं,” ताई म्हणाली. “तो घालून माणूस लग्नाला गेल्यावर नाही.”

गुरुवारी बारकी सरांकडे गेली. वही दाखवायची म्हणाली. पण वहीनं तळघर सोडायचं नाही, असा नियम आहे. तेव्हा सरांना खाली यावं लागणार होतं. मी तोवर कापूसकाकांचा चहाचा भिडू झालो होतो. चित्रांजवळ चहा चालत नाही म्हणून आम्ही तो बाहेरच्या बोळात पीत असू. तिथूनच मी सरांना जिना उतरताना पाहिलं. बावीस पायऱ्या. कठड्याला धरून ते एकेक उतरत होते, पुढे बारकी, चेहरा असा की जणू तीच त्यांना ओढत नेतेय.

आम्हीही मागोमाग आत गेलो. आत आल्यावर सर थबकले. कपाटांतून चित्रं पुस्तकांसारखी उभी होती आणि कित्येकांच्या पाठी बाहेर होत्या. सरांनी ज्यांच्यावर आयुष्यभर लिहिलं त्यांतली निम्मी तिथे होती. त्यांच्या पाठी सर पहिल्यांदाच पाहत होते. एका पाठीवर कुणीतरी खडूनं किराण्याची यादी लिहिली होती, ती त्यांनी पूर्ण वाचली. कापूसकाकांनी त्यांना स्टूल दिलं. एकतीस वर्षांत दोघं रोज दारात मान हलवून एकमेकांना ओळख देत आले होते. बोलण्याची वेळ आज प्रथम आली होती.

बारकीनं वही उघडून समोर ठेवली. सरांनी नोंद वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

“लाळ?” सर म्हणाले.

“माझी,” कापूसकाका म्हणाले. “जेवायच्या आधीची. जेवणानंतरची चालत नाही.”

“तुम्ही माझा लेख वाचला नव्हता?”

“वाचला होता की. चांगला आहे. मला वाटलं दुसऱ्या कुठल्या चित्रावर आहे.”

सरांनी वही हळूच मिटली. एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंत, असं ते शेवटी म्हणाले, पण त्यात राग नव्हता. बस चुकल्यावर माणूस थांब्याकडे बघतो तसं ते म्हणणं होतं.

“सर, हा चौकोन कुणी केला असं तुम्ही कधी विचारलं नाहीत,” कापूसकाका म्हणाले. “तुम्ही विचारत होतात, याचा अर्थ काय. तो मला ठाऊक नव्हता.”

मग बारकी बोलली. ती भिंतीला टेकून उभी होती, इतकी उंच पोरगी, पण त्या क्षणी तिला बारकी म्हणण्यात काही चूक वाटली नसती. तिनं दप्तरातून एक जुनी वही काढली. सोळाव्या वर्षी उतरवून घेतलेला तो लेख. दुसऱ्या हातात लेबलाचा कागद होता. “सर, मी हे वाचून इथे आले,” ती म्हणाली. “उद्याच्या लेबलात मी तळघरातल्या वहीतलं लिहिलं आहे. तुम्ही सही केली नाहीत तर मी समजू शकते. पण दुसरं काही लिहून आणणार नाही.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते कापूसकाकांकडे वळले आणि त्यांनी विचारलं, की उरलेलं चित्र कसं आहे.

“तसंच. सगळीकडे उजेड आहे. वरून खाणावळ आहे.”

“म्हणजे सत्तावीस वर्षं मी धुरावर शिकवलं.”

“धूर बाकीचे बघत होते,” कापूसकाका काडीला कापूस गुंडाळत म्हणाले. “पुसलेली जागा तुम्हाला दिसली.”

सरांनी बारकीच्या हातातून लेबलाचा कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि बावीस पायऱ्या चढून गेले. कठड्याला न धरता. त्याचा काय अर्थ घ्यायचा यावर मी आणि कापूसकाकांनी आणखी एकेक चहा घेतला आणि काही ठरलं नाही.

त्या रात्री बारकी दोन पोळ्या घेऊन बसली आणि एकही न संपवता उठली. सरांनी सही केली नाही तर काय, असं मी विचारलं. आईच्या दुकानात जाईन, म्हणाली, डागांची ओळख आता बरी झाली आहे. विनोद करून झाल्यावर ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावलं, पण दिव्याची फट बराच वेळ दिसत राहिली.

शुक्रवारी कागद परत आला. लेबल असं होतं :

‘घडी घालणारी स्त्री. चित्रकार अज्ञात. हे चित्र जवळजवळ पन्नास वर्षं एका खाणावळीत चुलीच्या वर टांगलेलं होतं, म्हणून ते काळवंडलं आहे. डावीकडचा उजळ चौकोन चित्रकारानं रंगवलेला नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मळ निघतो का हे पाहण्यासाठी संग्रहालयाच्या जतनविभागानं तेवढीच जागा लाळेनं पुसली होती. काही अभ्यासकांनी त्या चौकोनात एकटीच्या आयुष्यातला उजेड पाहिला. मळाखाली सगळंच चित्र तितकंच उजळ असावं. ते अजून कुणीही पूर्ण पाहिलेलं नाही.’

कागदावर लाल शाईची एकच दुरुस्ती होती. ‘काही अभ्यासकांनी’ हे दोन शब्द खोडून सरांनी तिथे स्वतःचं नाव आणि आडनाव घातलं होतं, शेवटी ‘नी’ लावून. समासात शेरा : काही म्हणजे कोण? नेमकं लिहावं. आणि खाली, कापूसकाकांच्या सहीशेजारी, सरांचीही सही. दोन शब्द गेले, दोन आले, बेरीज साठच राहिली.

बारकीनं तो कागद मला दाखवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्यांची दोरीवरची चादर तेवढी होती. मी विषय बदलून जेवायला काय करू, असं विचारलं. ती म्हणाली, काहीही कर, आज दोन्ही पोळ्या खाईन.

आताच्या संचालकबाईंकडे लेबल गेलं तेव्हा थोडी कुरकुर झाली. ‘लाळेनं’ हा शब्द भिंतीवर बरा दिसत नाही, त्याऐवजी ‘सौम्य द्रावणानं’ लिहा, असं त्यांनी सुचवलं. बारकीनं नम्रपणे दाखवून दिलं की एकाचे दोन शब्द होतात आणि लेबल एकसष्टावर जातं. सरांच्या म्हणण्यावरून साठाचा नियम बाईंनीच केला होता, त्यामुळे लाळ राहिली. दुकानातल्या चौकोनाच्या पिशव्या आठवडाभर पडदा टाकून ठेवल्या होत्या. मग लेबल वाचून बाहेर पडलेली माणसंच त्या मागायला लागली, तेव्हा पडदा निघाला.

आणि अठ्ठावीस वर्षांनी पुढील आदेश आला. चित्र भिंतीवरून उतरवून खाली नेलं. त्यामुळे सरांचा निरोप समारंभ चित्रासमोर करायचा तर तळघरातच करावा लागला. लोक कपाटांच्या मधल्या जागेत ओळीनं उभे होते, भाषण करणाऱ्याचा आवाज दुसऱ्या ओळीत पोचत नव्हता, त्यामुळे समारंभ फार चांगला झाला. शेवटी कापूसकाकांनी सरांच्या हाती कापसाची काडी दिली आणि पहिली जागा तुम्ही पुसा म्हणाले. सरांनी काडी तोंडाजवळ नेली आणि ओशाळून थांबले. पाऊण तास पाण्याविना बोलणारा माणूस, पण तोंडाला पार कोरड पडली होती. कापूसकाका म्हणाले, घाई नाही, चहा घेऊन या.

सर दुसऱ्या दिवसापासून रोज येऊ लागले. दहाला बावीस पायऱ्या उतरायच्या, स्टुलावर बसायचं आणि कापूसकाका आणि बारकी नखाएवढ्या जागा पुसतात ते बघायचं. बारकी आता तिथेच कामाला आहे. दोन महिन्यांत डावी भिंत पूर्ण निघाली आणि पिवळसर, उन्हानं उजळलेली अशी एक साधी भिंत दिसायला लागली. वरच्या अंगाला खिडकीही निघाली, एका झडपेची. त्यानंतर एकदा सरांनी जुना चौकोन नेमका कुठे होता ते विचारलं. तिघांनी भिंगं घेऊन शोधला. सापडला नाही, आणि कापूसकाका त्या दिवशी भलतेच खुशीत होते.

चौथ्या महिन्यात काम उजव्या बाजूला सरकलं. एका दुपारी चादरीच्या टोकाशी अंगठा निघाला. मग चार बोटं, मग दुसरा हात, आणि आठवडाभरात एक दुसरी बाई, पहिलीपेक्षा थोराड, चादर ताणून धरलेली आणि काहीतरी बोलत असलेली. बोलणं सल्ल्याचं असावं, असा माझा चेहऱ्यावरून अंदाज आहे. बारकीनं आईला फोन करून सांगितलं. ताई म्हणाली, मग, मी काय म्हटलं होतं, आणि गिऱ्हाईक उभं आहे म्हणून फोन ठेवला. पण पुढच्या रविवारी ती गुडघे बंद असतानाही आली आणि स्टुलावर सरांच्या शेजारी तासभर बसली. सरांनी तिला हनुवटीखाली चादर कशी धरतात ते विचारलं. तिनं माझी शाल घेऊन करून दाखवलं. सर ते टिपून घेत होते.

आता लेबल पुन्हा लिहायचं आहे. बारकी आणि सर, दोघं मिळून लिहिताहेत. दुसरी बाई आली, खिडकी आली, आणि कितीही कापलं तरी बेरीज एकसष्ट होते. गेले आठ दिवस दोघं तो एक जास्तीचा शब्द शोधताहेत. सर म्हणतात, माझं आडनाव काढा, नुसत्या नावानं भागेल.

बारकी काढू देत नाही. नेमकं लिहावं, म्हणते.